भाड्याची सायकल

आमच्या गिरगावच्या चाळीत क्रिकेट हाच एक खेळ होता. बाकीचे खेळ असतात हे लोकांना ऐकून माहीत होतं. अशा चाळीत माझ्या वडिलांना फुटबॉलचं वेड होतं आणि ते थोडं हसण्यावारी नेलं जाई. रोव्हर्स कपाचे दिवस आले की ते कचेरीतून परस्पर कूपरेजला जात आणि अंधार पडल्यावर घसा बसवून घरी येत. मी जन्मलो तोवर हे सगळं मागे पडलं होतं. पण पावसाळ्यात वीज गेली की वडील कूपरेजच्या गोष्टी काढत. त्या गोष्टींत एक नाव सतत येई, हैदराबाद सिटी पोलीस. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं या संघाने रोव्हर्स कप जिंकला आणि वडिलांनी त्यातले बरेच सामने उभं राहून पाहिले.

पोलिसांचा संघ म्हणजे दांडगाईचा खेळ, अशी माझी लहानपणची समजूत होती. वडील ती खोडून काढत. हे पोलीस डोक्याने खेळतात, चेंडू पायाशी घोळवत बसत नाहीत, लगेच दुसऱ्याकडे देतात, असं ते सांगत. आणि ते डोकं एका शाळामास्तराचं आहे, हे सांगताना त्यांचा आवाज बदले. ते मास्तर म्हणजे सय्यद अब्दुल रहीम. सगळे त्यांना रहीमसाहेब म्हणत.

रहीमसाहेबांचा जन्म 17 ऑगस्ट 1909 चा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठात शिकले, तिथे फुटबॉल खेळले आणि मग शाळेत शिक्षक झाले. शारीरिक शिक्षणाची पदविका त्यांनी पुढे घेतली. 1943 मध्ये हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचं चिटणीसपद त्यांच्याकडे आलं आणि 1950 मध्ये सिटी पोलिसांच्या संघाचं प्रशिक्षण. त्याच सुमारास भारताच्या संघाची जबाबदारीही आली. 1951 मध्ये दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले. अंतिम सामन्यात इराणला 1-0 असं हरवून भारताने सुवर्णपदक घेतलं. गोल साहू मेवालालचा, कप्तान शैलेन मन्ना, आणि मागे उभे होते रहीमसाहेब.

मोठमोठ्या पदांवर जाऊनही त्यांच्यातला मास्तर गेला नाही. वर्गात एखाद्या मुलाला बेरीज येते पण वजाबाकी येत नाही, तर चांगला शिक्षक त्याला वजाबाकीचीच गणितं घालतो. रहीमसाहेबांनी हैदराबादेत तेच केलं. ज्या पायाने खेळाडूला नीट खेळता येत नाही त्याच पायाने खेळायचं, अशा स्पर्धा त्यांनी भरवल्या. चेंडू पायाशी घोळवायचाच नाही, आला की पुढे द्यायचा, अशाही स्पर्धा भरवल्या. आपल्याकडे ज्याला त्याला एकट्याने पाच जणांना चकवून टाळ्या घ्यायच्या असतात. चेंडू दुसऱ्याला देण्यात कमीपणा नाही, हे मुलांच्या पायात मुरवण्याची त्यांची ही रीत होती.

आता सायकलीची गोष्ट. सिकंदराबादजवळ अम्मुगुडा नावाचं गाव आहे. तिथल्या एका गरीब तमिळ घरात तुलसीदास बलराम हा मुलगा वाढला. पोलिसांच्या टाकून दिलेल्या बुटांपासून मोच्याने करून दिलेले बूट घालून तो स्थानिक सामने खेळे. रहीमसाहेबांनी त्याचा खेळ पाहिला आणि संतोष ट्रॉफीच्या हैदराबाद संघासाठी सरावाला ये म्हणून सांगितलं. कुठल्याही पोराने उडी मारली असती. बलराम मात्र अडखळला. गाव लांब, रोज शहरात यायला पैसे नाहीत. रहीमसाहेबांनी सायकल भाड्याने घ्यायला सांगितलं आणि भाड्याचे पैसे स्वतः द्यायला सुरुवात केली. मुलगा रोज सायकल मारत येऊ लागला. पुढची गोष्ट देशाला माहीत आहे. 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकला तो भारतीय संघात होता, 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये हंगेरी आणि पेरू या दोघांवर त्याने गोल केले. भारताला लाभलेल्या सर्वोत्तम आघाडीपटूंत त्याचं नाव घेतात. 16 फेब्रुवारी 2023 ला कोलकात्यात बलराम गेले.

ही गोष्ट मला वडिलांनी सांगितली नाही. ती कळली 1991 मध्ये, माझी बदली सिकंदराबादला झाली तेव्हा. शाखेत दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनवाल्यांची रांग लागे. त्यात एक निवृत्त पोलीस हवालदार होते. मी मुंबईचा आहे कळल्यावर त्यांनी कूपरेज अजून आहे का म्हणून विचारलं, आणि आमची गट्टी जमली. रहीमसाहेबांचं नाव घेताना ते खुर्चीत किंचित सावरून बसत. सायकलीची गोष्ट त्यांनी मला एका दुपारी सांगितली, पासबुक हातात धरून, उभ्या उभ्या.

मला ती फार आवडली. घरी जाऊन बायकोलाही सांगितली. आणि त्याच महिन्यात मी एक गोष्ट केली, जी आज लिहायला हवी.

शाखेत एक रोजंदारीवरचा शिपाई होता. विशीतला, अबोल, कामाला चोख. पण रोज वीस-पंचवीस मिनिटं उशिरा येई. काउंटर दहाला उघडे आणि तोवर पाणी भरलेलं नसे, लेजरं टेबलांवर आलेली नसत. मी त्याला दोनदा तोंडी समज दिली, तिसऱ्यांदा वरच्या कार्यालयाला लेखी कळवलं. महिन्याअखेरीला त्याचं काम बंद झालं. नियमात बसणारंच होतं सगळं. पुढे काही आठवड्यांनी आमच्या कॅशियरकडून बोलता बोलता कळलं की त्याच्या गावाहून येणारी पहिली बसच स्टँडवर सव्वादहाला लागत असे. तिथून तो पळत येई. इतके दिवस मी त्याला उशीर का होतो हे दरडावून विचारलं होतं. तू राहतोस कुठे आणि येतोस कसा, हे साधेपणाने एकदाही विचारलं नव्हतं. दरडावून विचारलेल्या प्रश्नाला गरीब माणूस उत्तर देत नाही, मान खाली घालतो. तशी त्याने घातली होती.

सायकलीची गोष्ट ऐकून डोळ्यांत पाणी आणणारा मी, आणि मेमो लिहिणारा मी, एकाच खुर्चीत बसत होतो. तेव्हापासून रहीमसाहेबांकडे मी केवळ वडिलांच्या आठवणीतला माणूस म्हणून पाहू शकलो नाही.

कारण ते काही मऊ गृहस्थ नव्हते. दया म्हणजे सगळ्यांना सगळं माफ, असा त्यांचा हिशेब नव्हता. रोमच्या ऑलिम्पिकचंच पाहा. भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू. हंगेरीशी आपण 1-2 असे निसटते हरलो, फ्रान्सला 1-1 असं रोखलं. त्या संघात रहीमसाहेबांचा मुलगा सय्यद अब्दुल हकीमही होता. बाप प्रशिक्षक आणि मुलगा संघात, म्हटल्यावर आपल्या देशात काय होतं हे सांगायला नको. तीन सामने झाले आणि हकीम एकाही सामन्यात मैदानात उतरला नाही. जागा दुसऱ्याची होती, ती दुसऱ्यालाच मिळाली. परक्याच्या मुलाला सायकलीचं भाडं देणारा हात स्वतःच्या मुलाच्या बाबतीत असा आखडता होता. हकीम पुढे हवाई दलात अधिकारी झाले, आंतरराष्ट्रीय पंच झाले, वडिलांसारखेच प्रशिक्षकही झाले. 2021 मध्ये त्यांचं निधन झालं.

हार कशी घ्यावी हेही रहीमसाहेबांकडून शिकावं. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा 10-1 असा धुव्वा उडवला. आपले कित्येक खेळाडू अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. पण बूट घालून संघ होत नाही. रहीमसाहेब शिकत राहिले, युरोपातले संघ मैदानावर कसे उभे राहतात ते पाहत राहिले, आपली मांडणी बदलत राहिले. चार वर्षांनी मेलबर्नमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 असं हरवलं. त्यात तीन गोल आपल्या मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाचे होते. ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत जाणारा भारत हा आशियातला पहिला संघ ठरला. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला. नेव्हिलने आधी गोल करून आघाडीही घेऊन दिली, शेवटी आपण 1-4 असे हरलो. चौथा क्रमांक आला. 10-1 पासून इथवर यायला चार वर्षं लागली.

आणि मग 1962 चं जकार्ता. इंडोनेशियाने त्या आशियाई खेळांना इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं. भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी त्याला हरकत घेतली. राग आपल्या खेळाडूंवर निघाला. भारताच्या वकिलातीवर जमाव चालून गेला आणि मैदानात आपला संघ उतरला की हुर्यो होई. त्यात पहिलाच सामना आपण दक्षिण कोरियाकडून 0-2 हरलो. थायलंडविरुद्ध जिंकलो, पण बचावफळीचा आधारस्तंभ जर्नेलसिंग डोकं फुटून बाहेर आला. टाके पडले.

रहीमसाहेबांच्या अंगात तेव्हा कर्करोग होता. सिगारेट हे त्यांचं जुनं व्यसन होतं, त्याने आपलं वसूल केलं होतं. अशा स्थितीत एखाद्याने जखमी खेळाडूला घरी बसवलं असतं, एखाद्याने त्याला तसाच बचावात ढकलला असता. रहीमसाहेबांनी तिसराच विचार केला. डोक्याला टाके असलेल्या जर्नेलला त्यांनी पुढे, आघाडीला खेळवलं. बचावपटूला आघाडीला नेणं हा धाडसी जुगार होता. पण तरुणपणी जर्नेल आघाडीला खेळला आहे, हे मास्तरांच्या लक्षात होतं. आपल्या माणसाविषयी जुनी माहिती जपून ठेवणं, हीदेखील मायेचीच एक तऱ्हा आहे. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला आपण 3-2 असं हरवलं, त्यात जर्नेलचा एक गोल होता.

अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री खेळाडूंना झोप येईना. रहीमसाहेबांनी त्यांना जमवलं. फार बोलण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. उद्या मला एक भेट द्या, सुवर्णपदक द्या, एवढंच त्यांनी मागितलं. देणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं, असं त्या पोरांना वाटलं असेल तर नवल नाही.

4 सप्टेंबर 1962. सुमारे एक लाख प्रेक्षक, जवळजवळ सगळे विरोधात. गर्दीत भारतासाठी ओरडणारे होते ते पाकिस्तानच्या हॉकी संघातले खेळाडू, असं आपल्या खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितलं. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींनी गोल केला, विसाव्याला जर्नेलसिंगने. कोरियाने शेवटी एक फेडला, पण सामना 2-1 असा आपला झाला. त्या अकरा जणांत गोव्याचा, मुंबईच्या टाटा संघाकडून खेळणारा फॉर्चुनाटो फ्रँको होता आणि भाड्याच्या सायकलीवरून आलेला बलरामही होता. आशियाई खेळांत फुटबॉलचं सुवर्णपदक भारताला त्यानंतर आजतागायत मिळालेलं नाही.

नऊ महिन्यांनी, 11 जून 1963 ला, रहीमसाहेब गेले. वय त्रेपन्न. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार 1985 मध्ये सुरू झाला, तोवर त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली होती. पण पी. के. बॅनर्जी स्वतः मोठे प्रशिक्षक झाले आणि आपण हे कुणाकडून शिकलो ते कधी विसरले नाहीत. मास्तराला यापेक्षा मोठा पुरस्कार कुठला द्यायचा?

2024 मध्ये त्यांच्यावर मैदान हा हिंदी चित्रपट आला. मी नातीला घेऊन गेलो. बाहेर पडल्यावर तिने यातलं खरं किती म्हणून विचारलं. चित्रपट हा चित्रपट असतो, असं सांगून मी तिला रस्त्यात सायकलीची गोष्ट सांगितली. तिला ती आवडली. मग घरी आल्यावर, जरा धीर करून, शिपायाचीही सांगितली. ती काही वेळ गप्प राहिली आणि मग त्याचं पुढे काय झालं, असं तिने विचारलं.

मी बदली होण्याआधी त्याच्या गावी एकदा जाऊन आलो होतो. तो कामासाठी दुसरीकडे गेला होता, कुठे ते घरच्यांनाही नीट सांगता आलं नाही. त्यानंतर माझी एकोणतीस वर्षं नोकरी झाली. कुणाच्याही मेमोवर सही करण्याआधी मी त्या माणसाला समोर बसवून, चहा मागवून, तो राहतो कुठे आणि येतो कसा हे विचारत असे. बहुतेक वेळा मेमोची गरज उरत नसे. कधी कधी उरत असे, तेव्हा सही करत असे. सहकारी हसत, साहेबांचा सायकलीचा प्रश्न म्हणत.

तो मुलगा आता पंचावन्नच्या आसपास असेल. जिथे असेल तिथे त्याला कुणीतरी हा प्रश्न वेळेवर विचारला असेल, एवढीच इच्छा आहे.