शिरोडकरांचा टाका आणि वेळेवरची सोनोग्राफी

चौथ्या-पाचव्या महिन्यात, फारशा कळा न येताच गर्भपात होतो. पुढच्या खेपेलाही तेच. अशा वेळी घरची मंडळी दृष्ट लागली म्हणतात, नाहीतर बाईलाच दोष देतात. यामागे गर्भाशयाचे कमकुवत मुख असू शकते. त्यावर जगभर वापरला जाणारा उपाय दिला तो डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी.

त्यांचा जन्म १८९९ साली गोव्यातील शिरोडा गावचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९२३ मध्ये ते डॉक्टर झाले, १९३१ मध्ये इंग्लंडहून एफ.आर.सी.एस. होऊन परतले आणि स्त्रीरोगशास्त्र शिकवू लागले. वारंवार गर्भ गमावणाऱ्या स्त्रिया तपासताना त्यांच्या लक्षात आले, की काहींचे गर्भाशयमुख वाढत्या गर्भाचा भार पेलत नाही आणि दिवस भरण्याआधीच उघडते. मग रुग्णाच्याच मांडीतील चिवट पडद्याची पट्टी काढून त्यांनी ते मुख आवळून बांधले. १९५५ मध्ये ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध झाली. ‘शिरोडकर टाका’ हे नाव आजही पाठ्यपुस्तकांत आहे. १९७१ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

टाका शोधला तेव्हा त्यांच्या हाताशी सोनोग्राफी नव्हती. ग्लासगोच्या डॉ. इयान डोनाल्ड यांनी पोटातील गर्भाची ध्वनिचित्रे प्रसिद्ध केली ती १९५८ मध्ये. शिरोडकरांची भिस्त होती रुग्णाची हकीकत आणि बोटांनी केलेली तपासणी यांवर.

आज ही उणीव भरून निघाली आहे. ११ ते १३ आठवड्यांच्या सोनोग्राफीत गर्भाचे ठोके, नेमके वय, जुळे आहे का आणि काही मोठी व्यंगे कळतात. पूर्वी असे गर्भपात झालेल्या स्त्रीला टाका घालायचा तो ही खात्री करूनच, साधारण १२ ते १४ आठवड्यांत. काहींच्या बाबतीत १६ ते २४ आठवड्यांदरम्यान योनीमार्गे सोनोग्राफी करून मुखाची लांबी मोजत राहतात. ती २५ मि.मी.पेक्षा कमी भरली तर धोक्याची सूचना समजून टाक्याचा विचार होतो. टाका सरसकट सर्वांना लागत नाही.

मात्र पहिली तपासणीच पाचव्या महिन्यात झाली, तर ही संधी हुकते. म्हणून पाळी चुकताच नाव नोंदवावे, मग ते नागपुरातील मेडिकल, मेयो, डागा असो की गावचे आरोग्य केंद्र. आधीचा गर्भ कितव्या महिन्यात गेला, कळा आल्या होत्या का, हे न लाजता डॉक्टरांना सांगावे. शिरोडकरांचे निदान याच हकीकतीपासून सुरू होत असे.