एडवर्ड हार्टली अँगल

एडवर्ड हार्टली अँगल (१ जून, इ.स. १८५५ – ११ ऑगस्ट, इ.स. १९३०) हे अमेरिकन दंतवैद्य होते. वेड्यावाकड्या दातांना वळण लावण्याच्या ऑर्थोडॉन्टिक्स या शाखेला दंतवैद्यकात स्वतंत्र स्थान मिळवून देण्याचे श्रेय मुख्यतः त्यांना दिले जाते. शाळकरी मुलांच्या पुढे आलेल्या दातांची नोंद करताना दंतवैद्य आजही त्यांचीच वर्गवारी वापरतात.

जीवन

अँगल यांचा जन्म पेनसिल्व्हेनियातील हेरिक येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. इ.स. १८७८ मध्ये दंतवैद्यकाची पदवी घेऊन त्यांनी टोवांडा येथे व्यवसाय सुरू केला. प्रकृती बिघडल्याने ते पश्चिमेकडे गेले आणि मोंटाना प्रांतात त्यांनी मेंढपाळीचा प्रयोग केला. कडक हिवाळ्याने तो बुडवला आणि अँगल मिनियापोलिसला येऊन पुन्हा दंतवैद्यकाकडे वळले. इ.स. १८८७ मध्ये वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत त्यांनी आपली उपचारपद्धती मांडली. इ.स. १९०० मध्ये सेंट लुईस येथे त्यांनी केवळ या एकाच विषयाचे शिक्षण देणारी शाळा काढली. त्यांच्या पत्नी ॲना हॉपकिन्स यांनीही हे शास्त्र आत्मसात केले होते.

वर्गवारी

अँगल यांच्यापूर्वी वाकड्या दातांची वर्णने पुष्कळ होती, पण त्यांना समान मोजपट्टी नव्हती. इ.स. १८९९ मध्ये त्यांनी पहिल्या कायम दाढांचा परस्परसंबंध हा आधार धरून तीन वर्ग ठरवले. वरच्या दाढेचा पुढचा बाहेरील उंचवटा खालच्या दाढेच्या खाचेत बसत असेल, तर दाढांचा मेळ योग्य. खालची दाढ त्याहून मागे असेल, तर दुसरा वर्ग. या वर्गाच्या पहिल्या उपविभागात वरचे पटाशीचे दात पुढे झुकलेले असतात. अशा मुलांचा वरचा ओठ आखूड असतो आणि ती तोंडाने श्वास घेतात, असे निरीक्षण अँगल यांनी नोंदवले होते.

ही वर्गवारी कशी व्यवहारोपयोगी ठरली, हे दातांच्या इजांच्या संदर्भात दिसते. ओठांचे पुरेसे आवरण नसलेले, पुढे आलेले दात पडझडीत किंवा खेळताना बसणारा आघात थेट झेलतात. वरचे दात खालच्या दातांपेक्षा ३ मिलिमीटरहून अधिक पुढे असतील, तर इजेचा धोका साधारण दुप्पट होतो, असे विसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून पुढे आले. लहान वयात उपचार केल्यास दात तुटण्याचे प्रमाण घटते, असेही नंतरच्या परीक्षणांत आढळले. मात्र अँगल यांची वर्गवारी दाढांवर आधारलेली असल्यामुळे दात नेमके किती मिलिमीटर पुढे आहेत, हे तिच्यातून कळत नाही. ते वेगळे मोजावे लागते.

उपकरणे आणि वाद

दातांवरील पट्ट्या, तारा आणि ब्रॅकेट यांच्या रचनेत अँगल यांनी सतत सुधारणा केल्या आणि त्यांची अनेक पेटंटे घेतली. इ.स. १९२०च्या दशकात त्यांनी तयार केलेल्या ‘एजवाइज’ उपकरणात चौकोनी छेदाची तार ब्रॅकेटच्या खाचेत बसवली जाते. त्यामुळे दाताच्या मुळाची दिशाही बदलता येते. आजची बहुतेक ब्रॅकेट याच कल्पनेची वंशज आहेत.

स्वभावाने ते हट्टी होते आणि मतभेद त्यांना सहन होत नसत. निसर्गाने दिलेले सर्व दात राखूनच जबड्याचा मेळ साधला पाहिजे, हा त्यांचा उत्तरायुष्यातील आग्रह होता. ग्रंथाच्या आधीच्या आवृत्त्यांत मात्र त्यांनी दात काढण्यास वाव ठेवला होता. निवडक रुग्णांत दात काढणे आवश्यक असते, असे मानणाऱ्या कॅल्व्हिन केस यांच्याशी अँगल यांच्या गटाचा इ.स. १९११ मध्ये जाहीर वाद झाला. त्या काळी अँगल यांचा पक्ष वरचढ ठरला. पुढे त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना दात न काढता केलेल्या उपचारांचे परिणाम टिकत नसल्याचे आढळले. त्यांनी असे रुग्ण उपदाढा काढून पुन्हा तपासले आणि अँगल यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी आपले निष्कर्ष मांडले. त्यासाठी ट्वीड यांनी वापरलेले उपकरण गुरूंचेच एजवाइज होते.

अखेरची वर्षे

अँगल यांची अखेरची वर्षे कॅलिफोर्नियात गेली. पॅसाडेना येथेही ते निवडक विद्यार्थ्यांना शिकवत असत. सँटा मोनिका येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या शिष्यांनी इ.स. १९३१ मध्ये सुरू केलेले ‘द अँगल ऑर्थोडॉन्टिस्ट’ हे नियतकालिक अद्याप प्रसिद्ध होते.