बिडाच्या आतला ताण आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर

अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या गाळ्यांत लेथवर काम करणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. जॉब मशीनवर असताना माप बरोबर असते, पण पकड सोडली की तो किंचित वाकतो. धातूत दडलेला ताण हे त्याचे कारण. शास्त्रात त्याला ‘अवशिष्ट ताण’ म्हणतात. असा ताण पोटात घेऊनच तयार होणारे बीड ज्यांनी मराठी शेतकऱ्याच्या बांधावर नेले, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले. पण रंगांतला फरक नीट ओळखता येत नसल्याने ती वाट बंद झाली. मग ते यांत्रिक आरेखन शिकले आणि भायखळ्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावात थोरले बंधू रामूअण्णांच्या सायकल दुकानात दाखल झाले. पुढे तिथेच कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार झाला.

लोखंडाने जमीन नासते, असा तेव्हा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. अशा वेळी शेतात तडकलेला एक नांगरही धंदा बुडवू शकत होता.

बिडाचा रस साच्यात ओतला की पातळ भाग आधी थंड होऊन आकसतो, जाड भाग मागाहून. मागून आकसणारा भाग आधी घट्ट झालेल्या भागाला ओढतो. ही ओढाताण वस्तूत कायमची कोंडली जाते. ओतीव वस्तू घाईने साच्याबाहेर काढली, तर ती तडकूही शकते. वरचा थर कापला, की आतला तोल बिघडतो आणि वस्तू नवा आकार घेते.

बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधच्या राजांनी जमीन आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० मध्ये कुंडल स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले.

१९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्करचा लेथचा कारखाना निघाला. लेथच्या बेडला केसभर वाकही चालत नाही. म्हणून जगभरचे जुने कारखानदार असे ओतीव बेड महिनोन्‌महिने उन्हापावसात मुरत ठेवत, किंवा भट्टीत तापवून सावकाश थंड करत. आधी ढोबळ काप, मग विश्रांती, शेवटी बारीक काप, ही रीत त्यातूनच आली.

आज क्ष-किरणांनी किंवा बारीक छिद्र पाडून ताण मोजता येतो. कोणता थर आधी कापल्यास वस्तू किती वाकेल, याचा अंदाज संगणक देतो. विमानाच्या भागांसाठी जाड ॲल्युमिनियम प्लेटचा बहुतेक धातू कापून टाकावा लागतो. तिथे हा अंदाज चुकला, तर महागडा भाग थेट भंगारात जातो. मात्र प्लेटमध्ये मुळात किती ताण होता, हे ठाऊक नसेल तर संगणकाचे गणितही फसते.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. त्यांच्या पिढीने हे गणित संगणकाशिवाय, फुटलेल्या आणि वाकलेल्या मालातून शिकून सोडवले होते.