निगार्ड यांचे दुहेरी देणे

संगणकशास्त्र शिकणाऱ्यांना क्रिस्टन निगार्ड हे नाव परिचयाचे असते. आपण मात्र त्यांच्या कल्पनेचा रोज लाभ घेऊनही त्यांना ओळखत नाही. १९२६ साली ऑस्लोत जन्मलेले हे गणिती आधी नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत होते, १९६० मध्ये ते तिथल्या संगणक केंद्रात आले. रांग किती लांबेल, खिडक्या किती लागतील, हे यंत्रावर आधीच आजमावून पाहावे, हा त्यांचा ध्यास. पण तेव्हाच्या भाषांत माहिती एकीकडे आणि तिच्यावरच्या क्रिया दुसरीकडे. चालता-बोलता व्यवहार त्यांत नीट मावेना.

मग निगार्ड आणि त्यांचे सहकारी ओले-योहान डाल यांनी ‘सिम्युला’ ही भाषा रचली. १९६७ च्या तिच्या आवृत्तीत ही नवी कल्पना पुरती आकाराला आली. माझी हयात बँकेत गेली, म्हणून ती खात्यावरूनच सांगतो. शिल्लक आणि पैसे भरण्या-काढण्याचे नियम एकत्र बांधले, की ‘खाते’ नावाचा साचा तयार होतो, तो क्लास. त्यातून निघालेले प्रत्येक ग्राहकाचे खाते म्हणजे ऑब्जेक्ट. बचत खाते मूळ खात्याचे गुण वारशाने घेते आणि व्याजाचा नियम तेवढा आपला घालते. सारे पुन्हा लिहावे लागत नाही. स्मॉलटॉक, सी प्लस प्लस, जावा या भाषा याच घराण्यातल्या.

मला निगार्ड मोठे वाटतात ते मात्र पुढच्या कामामुळे. आपल्याच साधनांनी कामगारांचे काम बेतले जाईल आणि त्यांना कुणी विचारणारही नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. सत्तरच्या दशकाच्या आरंभी ते नॉर्वेतल्या लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर बसले. संगणक आपल्या कामात काय बदलणार, हे कामगारांना स्वतः जोखता यावे, म्हणून त्यांनी खपून काम केले. १९७५ मध्ये तिथल्या मालकांच्या आणि कामगारांच्या मध्यवर्ती संघटनांत या विषयावर करारही झाला.

ऐंशीच्या दशकात आपल्या बँकांत संगणक येऊ लागले, तेव्हा कर्मचाऱ्यांत अशीच धास्ती होती. निगार्ड यांनी यंत्र नाकारले नाही आणि माणसालाही वगळले नाही.

२००१ चे ट्युरिंग पारितोषिक निगार्ड आणि डाल यांना मिळाले. २००२ च्या जूनमध्ये डाल गेले, ऑगस्टमध्ये निगार्ड. नवी प्रणाली आणताना तिच्यावर राबणाऱ्यांना आधी विचारतात, अशा कचेऱ्या आपल्याकडे किती आहेत, हे वाचकांनीच आठवून पाहावे.