एकांच्या रांगेतले गणित

डोंबिवली स्थानकाचा गणिताशी संबंध आहे, हे तिथून रोज लोकल पकडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. जी.आय.पी. रेल्वेच्या काळात या स्थानकाला डेम्लो म्हणत. तिथे सुचलेल्या संख्यांना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी डेम्लो संख्या असेच नाव देऊन टाकले.

कापरेकरांचा जन्म 17 जानेवारी 1905 चा, डहाणूचा. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. शाळा ठाण्यात झाली, कॉलेज पुण्याला फर्ग्युसनमध्ये. 1927 मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. 1930 पासून 1962 पर्यंत ते देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाचा आधार नाही. पुस्तिका ते पदरमोड करून छापत.

111 चा वर्ग 12321, नऊ एकांचा वर्ग 12345678987654321. ही डेम्लो संख्यांची नक्षी पाहून कुणालाही हा पोरखेळ वाटेल, आणि अनेक गणितज्ञांना तसा वाटलाही. पण याच एकांच्या रांगेत एक कठीण प्रश्न दडला आहे: ती मूळ संख्या कधी असते? एक हा अंक सहा वेळा लिहिला, तर त्या संख्येला 11 नेही भाग जातो आणि 111 नेही, कारण सहाचे दोन-दोनचे किंवा तीन-तीनचे गट पडतात. म्हणजे एकांची मोजदाद आधी मूळ हवी. तेवढ्यानेही भागत नाही. 111 म्हणजे 3 गुणिले 37, आणि 11111 म्हणजे 41 गुणिले 271. 11 नंतर थेट 19 एकांची संख्या मूळ निघते, मग 23 एकांची, त्यानंतर एकदम 317 एकांची. 1031 एकांची संख्या मूळ असल्याची सिद्धता विल्यम्स आणि डब्नर यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केली. कापरेकर गेले ते याच वर्षी. अशा मूळ संख्या अनंत आहेत की नाहीत, हे आजही सिद्ध झालेले नाही.

कापरेकरांच्या स्वयंभू संख्याही अशाच साध्या. 21 मध्ये त्याचेच अंक मिळवले की 24 येते; म्हणजे 24 ला जन्मदाता आहे. 20 ला तसा कुणीच नाही. 31, 53, 97 या मूळही आहेत आणि स्वयंभूही. त्यांचा 6174 तर आता शाळकरी मुलांनाही माहीत असतो.

पत्नीचे 1966 मध्ये निधन झाले. पेन्शन पुरत नव्हती, म्हणून ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेत. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा देवळालीच्या या मास्तरांचे नाव जगभर पोहोचले. त्या वेळी त्यांनी सत्तरी गाठली होती.