डॉ. श्री. व्यं. केतकर : विद्यापीठाबाहेरील संशोधकाचे जीवन

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे नाव ज्ञानकोशाशी इतके एकरूप झाले आहे की, त्यामागील संशोधकाची झालेली ओढाताण सहसा लक्षात घेतली जात नाही. २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे जन्मलेले केतकर अमरावती व मुंबई येथील शिक्षणानंतर १९०६ मध्ये अमेरिकेस गेले. कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी मनुस्मृतीच्या आधारे जातिसंस्थेचा अभ्यास केला. त्याचे फलित असलेला इंग्रजी ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९११ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात आंबेडकरांनी केतकरांच्या जातिविषयक व्याख्येचा गांभीर्याने परामर्श घेतला आणि तिच्या मर्यादाही दाखविल्या. केतकरांच्या मांडणीची विद्वज्जगतात घेतली गेलेली ही महत्त्वाची दखल होय.

मायदेशी परतल्यावर मात्र या विद्वत्तेला स्थिर आसन लाभले नाही. कलकत्ता विद्यापीठात त्यांनी काही काळ अध्यापन केले, परंतु तेथे ते टिकू शकले नाहीत. विद्यापीठीय आश्रय नसताना संशोधन कसे चालवावे, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर धाडसाचे होते. नागपुरात भागभांडवलावर आधारलेली मंडळी स्थापून त्यांनी मराठी ज्ञानकोशाचे कार्य हाती घेतले व पुढे ते पुण्यास नेले. १९२० नंतरच्या अल्प काळात त्याचे २३ विभाग प्रसिद्ध झाले. त्यांपैकी पहिले पाच प्रस्तावनाखंड म्हणजे वेदविद्येपासून विज्ञानेतिहासापर्यंतचा स्वतंत्र व्यासंगच आहे. भाग विकणे, वर्गणीदार मिळविणे, सहकाऱ्यांकडून लेखन करून घेणे आणि स्वतः लिहिणे ही सर्व कामे एकाच व्यक्तीवर पडली. कोशात काही ठिकाणी जाणवणाऱ्या घाईचे मूळ या परिस्थितीत शोधावे लागते.

१९२० मध्ये त्यांचा एडिथ कोहन या जर्मन-ज्यू विदुषीशी विवाह झाला. व्रात्यस्तोम विधीने हिंदू धर्मात आलेल्या शीलवतीबाईंनी या अस्थिर संसाराचा भार उचलला. विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचा इंग्रजी अनुवादही त्यांनीच केला.

कोश पूर्ण झाला, पण अर्थिक विवंचना संपली नाही. समाजशास्त्रीय विचारांना जे व्यासपीठ विद्यापीठात मिळाले नाही, ते केतकरांनी ‘ब्राह्मणकन्या’सारख्या कादंबऱ्यांतून उभारले. त्यांतील कलात्मक शैथिल्यावर टीका झाली असली, तरी त्यांतील सामाजिक प्रश्नांची मांडणी मराठी कादंबरीस नवी होती. १९३१ च्या हैदराबाद साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. सन्मान झाला, परंतु चरितार्थाचा प्रश्न तसाच राहिला. ‘प्राचीन महाराष्ट्र’ हा त्यांचा इतिहासग्रंथ १९३५ मध्ये आला. मधुमेहाने जर्जर झालेल्या केतकरांचे १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात निधन झाले.

केतकरांच्या चरित्राकडे केवळ त्यागाची कथा म्हणून पाहणे अपुरे ठरेल. मराठीतून ज्ञाननिर्मिती करण्यासाठी त्यांनी स्वतःच संस्था उभी केली, आणि तिच्या व्यवहारात त्यांच्यातील संशोधकाचा कितीतरी काळ खर्ची पडला. त्यांच्या यशाचे व अपुरेपणाचे मूल्यमापन या दोन्ही बाजू एकत्र धरूनच करावयास हवे.