विश्लेषण : शिंपले, बिया आणि अंगण… ताराबाई मोडक यांनी चिमुकल्यांना विज्ञान आणि समाज कसा शिकवला?

अंगणवाडी म्हटले की खिचडीचे पातेले, वजनकाटा आणि सेविकेच्या हातातील नोंदवह्या डोळ्यांसमोर येतात. देशात आज सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. पण हा शब्द रुजला तो पोषणाच्या योजनेतून नव्हे, तर बालशिक्षणाच्या एका प्रयोगातून. तो प्रयोग झाला तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी गावात, आणि त्यामागे होत्या ताराबाई मोडक. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला विज्ञान आणि समाज शिकवायचा तर पुस्तक लागत नाही, त्याचा परिसर पुरतो, हे त्यांनी खेड्यात राहून दाखवून दिले. बालवर्गातही वह्या भरण्याची घाई वाढलेल्या काळात त्यांचे काम समजून घेणे गरजेचे आहे.

ताराबाई बालशिक्षणाकडे कशा वळल्या?

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाच्या कामात होते, त्यामुळे मुलींच्या शिक्षणाला घरातून विरोध होण्याचा प्रश्न नव्हता. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पदवी घेतलेल्या स्त्रिया तेव्हा मोजक्याच होत्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पण तो संसार टिकला नाही. पदरात लहान मुलगी असताना त्यांनी नोकरी स्वीकारली आणि राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. प्रतिष्ठेचे पद आणि निश्चित पगार असलेली ती नोकरी त्यांनी काही वर्षांतच सोडली. कारण जवळच्या भावनगरमध्ये मुलांच्या शिक्षणाचा एक वेगळा प्रयोग सुरू झाला होता.

भावनगरचा प्रयोग काय होता?

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. वकिली सोडून शिक्षणाकडे आलेल्या गिजुभाईंवर इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांच्या विचारांचा प्रभाव होता. मूल स्वतःच्या हातांनी आणि ज्ञानेंद्रियांनी शिकते, मोठ्यांनी फक्त योग्य साधने आणि मोकळीक द्यावी, हा त्या पद्धतीचा गाभा. छडी आणि घोकंपट्टी हीच शाळेची ओळख असलेल्या काळात हे क्रांतिकारक होते. ताराबाई १९२३ च्या सुमारास गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये दोघांच्या पुढाकाराने नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पालक आणि शिक्षकांसाठी निघालेल्या ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाच्या मराठी आवृत्तीचे संपादनही ताराबाईंनी केले. मुलाचा हट्ट, त्याची भीती, त्याला होणारी मारहाण या घरातल्या गोष्टी शिक्षणाचे विषय आहेत, हे त्यांनी मराठी पालकांना समजेल अशा भाषेत मांडले.

दादरमधील यश सोडून त्या खेड्यात का गेल्या?

१९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. तेथे बालमंदिराबरोबर शिक्षिकांच्या प्रशिक्षणाची सोय होती. मराठी मध्यमवर्गाने या शाळेला चांगला प्रतिसाद दिला. पण त्यातूनच एक प्रश्न पुढे आला. माँटेसरीची साधने म्हणजे मोजूनमापून बनवलेले लाकडी दट्टे, मनोरे, रंगपट्ट्या. ती महाग होती आणि ती ठेवायला प्रशस्त खोली लागत असे. देशातील बहुसंख्य मुले खेड्यांत होती आणि त्यांच्या घरी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत होती. गांधीजींच्या नई तालीमच्या विचारातही सात वर्षांखालील मुलांच्या शिक्षणाची चर्चा सुरू झाली होती. खर्चिक पद्धत गरिबाच्या मुलापर्यंत न्यायची कशी, याचे उत्तर दादरमध्ये मिळणार नव्हते. वयाच्या ५३ व्या वर्षी, १९४५ मध्ये, ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. आचार्य भिसे यांच्या शैक्षणिक कामामुळे या गावात नव्या प्रयोगाला पोषक वातावरण होते. त्याच वर्षी अनुताई वाघ ताराबाईंना येऊन मिळाल्या आणि पुढे आयुष्यभर या कामात राहिल्या.

‘अंगणवाडी’ कशी जन्माला आली?

बोर्डीत आधी मध्यवर्ती बालवाडी सुरू झाली. तेथे सुस्थितीतील घरांतली मुले येऊ लागली. ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता, ती दलित आणि आदिवासी वस्तीतील मुले मात्र फिरकत नव्हती. आई-वडील पहाटेच मजुरीला जात. मुलांना न्हाऊमाखू घालून वेळेवर शाळेत पोहोचवायला घरी कोणी नसे. शिवाय जातीचा दुरावा होताच. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, असे ताराबाईंनी ठरवले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घराचे अंगण झाडून घ्यायचे, मुलांना गोळा करायचे, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे आणि तिथेच खेळ, गाणी, गोष्टी सुरू करायच्या. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी. इमारत नाही, घंटा नाही, गणवेश नाही. मुलाच्या दाराशीच शाळा आल्याने आयाही कामातून वेळ मिळेल तशा डोकावू लागल्या.

शिंपल्यांतून विज्ञान कसे शिकवले?

माँटेसरी साधनांमागील तत्त्व ताराबाईंनी कायम ठेवले आणि वस्तू बदलल्या. लाकडी ठोकळ्यांच्या जागी समुद्रावरचे शंख-शिंपले, चिंचोके, पाने, खडे, मडकी, बांबूचे तुकडे आले. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे फरक त्यातूनही कळतात.

यात विज्ञान कुठे, असा प्रश्न पडू शकतो. चार वर्षांचे मूल ओंजळभर बियांतून चिंचोके वेगळे आणि इतर बिया वेगळ्या करते, तेव्हा ते वर्गीकरण करत असते. शिंपले लहानापासून मोठ्यापर्यंत मांडते, तेव्हा क्रम आणि मापन शिकते. पान पाण्यावर तरंगते आणि खडा बुडतो हे पाहते, मग पुढची वस्तू टाकण्याआधी काय होईल ते सांगू लागते. निरीक्षण, तुलना, अंदाज आणि पडताळणी या विज्ञानाच्या पायऱ्या आहेत. त्यांची नावे मुलाला ठाऊक असण्याची गरज नाही. बी पेरून रोज तिच्याकडे पाहणाऱ्या मुलाला अंकुर म्हणजे काय, हे चित्र दाखवून सांगावे लागत नाही. साधने फुकटात आणि गावातच मिळत असल्याने ती मोडली, हरवली तरी बिघडत नाही. त्यामुळे मुलांना ती हाताळू देताना शिक्षिकेला भीती नसते.

आणि समाजाचा अभ्यास?

लहान मुलाचा समाज म्हणजे घर, शेजार, पाणवठा, बाजार, गावात काम करणारी माणसे. कुंभार मडके कसे घडवतो, मासे बाजारात कसे येतात, शेतात पेरणी कधी होते, सण कोणत्या पिकाच्या वेळी येतो, हे बघणे म्हणजेच त्या वयाचा समाजाभ्यास. हेच आजच्या शाळेत पुढे ‘परिसर अभ्यास’ या नावाने येते. ताराबाईंच्या बालवाडीत याला आणखी एक बाजू होती. स्वच्छता, रांगेत थांबणे, वाटून खाणे, वस्तू जागेवर ठेवणे ही रोजची कामे मुले स्वतः करत. वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र बसून खेळत आणि खात, तेव्हा समतेचा धडा वेगळा द्यावा लागत नसे. अस्पृश्यता पाळली जाणाऱ्या काळात गावाच्या दृष्टीने हा सर्वांत अवघड विषय होता.

विकासवाडी आणि कुरणशाळा काय होत्या?

१९५७ च्या सुमारास काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलले. भोवती वारली आदिवासींचे पाडे होते. या भागात १९४५ मध्येच गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध लढा उभा राहिला होता. अशा घरांतील मूल शाळेत येत नाही, यामागे आळस नव्हता. सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवसभर सांभाळत असे. तिला शाळेत आणायचे तर भावंडाचीही सोय हवी. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी आकाराला आली. भावंड पाळणाघरात, ताई वर्गात.

गुरे राखणाऱ्या मुलांचा प्रश्न वेगळा होता. ती कुरण सोडू शकत नव्हती. म्हणून शिक्षकच कुरणात गेले. गुरे चरत असताना झाडाखाली भरणारी ही कुरणशाळा. गवत, पक्षी, ओढा आणि ढग हेच तिथले साहित्य होते. या मुलांना झाडे आणि जनावरांची माहिती शिक्षकांपेक्षा अधिक होती. शाळेने त्या माहितीला अज्ञान न मानता तिथूनच सुरुवात केली, हे या प्रयोगाचे वेगळेपण.

या प्रयोगाच्या मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा मनुष्यबळाची. फुकटची साधने वापरण्यासाठी कुशल शिक्षिका लागते. चिंचोक्यांचा ढीग पुढे ठेवला म्हणजे शिक्षण होत नाही. मूल काय करते आहे ते पाहून पुढचा प्रश्न विचारावा लागतो. ताराबाई आणि अनुताईंनी प्रशिक्षणावर भर दिला, पण तितक्या निष्ठेची माणसे सर्वत्र मिळणे कठीण होते. दुसरी अडचण भाषेची. घरी वारली बोली बोलणारे मूल आणि प्रमाण मराठीतली शाळा यांत अंतर होते. तिसरी म्हणजे गरिबी. भुकेल्या आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातील मुलाला शाळेत टिकवणे केवळ चांगल्या अध्यापनाने साधत नाही. पोषण आणि शिक्षण एकत्र हवे, हा धडा कोसबाडनेच दिला.

आज त्यातले काय उरले?

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. एका मराठी प्रयोगातला शब्द देशभर पोहोचला. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, कोसबाडचे काम पुढे नेले.

योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांसोबत पूर्वप्राथमिक शिक्षणही आहे. प्रत्यक्षात आहार आणि नोंदींच्या कामात सेविकेचा बराच वेळ जातो आणि शिक्षण मागे पडते. शहरांतील खासगी बालवर्गांत उलटा प्रकार आहे. तिथे तीन वर्षांच्या मुलाकडून अक्षरे गिरवून घेतली जातात, फळांची नावे तक्त्यावरून पाठ करून घेतली जातात, पण फळ हातात येतेच असे नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत स्तर मानला आणि खेळातून, कृतीतून शिकण्यावर भर दिला. ताराबाईंनी हेच १९४५ मध्ये बोर्डीच्या अंगणात सुरू केले होते. तेव्हा पैसा, इमारत आणि सरकारी आदेश यांपैकी काही हाताशी नव्हते. आज इमारती आहेत, धोरण आहे, साहित्याच्या पेट्याही येतात. मुलाकडे पाहायला आणि त्याच्या प्रश्नाला थांबून उत्तर द्यायला सेविकेला रोज तासभर निवांत मिळतो का, यावर अंगणवाडी ही पुन्हा शाळा होणार की नाही, हे ठरेल.